झाकण उघड, मग काडी ओढ

मास कॉमच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी फळ्यावर एक उलटा त्रिकोण काढला होता. इन्व्हर्टेड पिरॅमिड! बातमीतलं सगळ्यात महत्त्वाचं ते सगळ्यात आधी, बाकीचं मागून. वाचक दुसऱ्या ओळीला पळून गेला, तरी मुद्दा त्याच्या पदरात पडलाच पाहिजे. तेव्हा आज मुद्दा आधी सांगून टाकते. गॅसवरचं ग्रिल पेटवताना त्याचं झाकण उघडं ठेवा. बस्स. आता पान उलटलंत तरी माझी हरकत नाही.

अजून आहात? थँक्स. मग आता सविस्तर.

कुठल्या खिडकीला?

'आई, दादाकडे ग्रिल घेतलंय,' असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, 'कुठल्या खिडकीला? चोर आला होता की काय?' त्यानंतर दहा मिनिटं मी तिला बार्बेक्यू म्हणजे काय ते समजावत होते. चार पायांवर उभी लोखंडी पेटी, आत बर्नर, वर जाळी, त्यावर झाकण, बाजूला सिलिंडर. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, 'म्हणजे गच्चीवर शेगडीच ना? सांभाळून गं. गॅस आहे तो.'

मी मनातल्या मनात डोळे फिरवले. आईचा आणि गॅसचा जुना इतिहास आहे. आम्ही लहानपणी कोल्हापूरला जायला निघायचो आणि कात्रजचा घाट चढायला लागलो, की मागच्या सीटवरून हमखास प्रश्न यायचा, 'गॅस बंद केला होता ना रे?' बाबा दोनदा तरी गाडी वळवून परत आलेत. दोन्ही वेळेला गॅस बंदच होता. रात्री झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करणं, सकाळी दूध तापवण्याआधी एकदा नाकाने वास घेणं, नवा सिलिंडर आला की साबणाचं पाणी लावणं, हे सगळं आम्ही 'आईचं टिपिकल' या फोल्डरमध्ये टाकून दिलं होतं. मी कोथरूडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. तिथे पाइपचा गॅस आहे. गेल्या चार वर्षांत मी सिलिंडरला हात लावलेला नाही, आणि खरं सांगायचं तर शेगडीलाही फारसा नाही. जेवण ॲपवरून येतं. अशा मुलीने थेट गच्चीवर ग्रिल पेटवायला घेतलं, यातच पुढची स्टोरी आली.

भप्प!

तारीख ३१ डिसेंबर २०२४. स्थळ दादाचं बावधनचं रो हाऊस, वरची मोकळी गच्ची. वार मंगळवार, त्यामुळे गँगमधले तिघं पनीरवाले आणि बाकीचे चिकनवाले. दिव्यांच्या माळा, ब्लूटूथ स्पीकर, सॉलिड थंडी. ग्रिल ऑनलाइन मागवलेलं, मी आणि दादाने मिळून दुपारी जोडलेलं. सोबत एक जाडजूड माहितीपुस्तिका होती. ती आम्ही खोक्यातच ठेवली. शेगडीला कोणी मॅन्युअल वाचतं का, असा आमचा सवाल.

रात्री साडेआठला मी नॉब फिरवला. इग्नायटरचं बटण टक-टक वाजलं, पण बर्नर काही पेटेना. गच्चीवर वारा होता. माझ्यातल्या जीनियसने ठरवलं की वाऱ्यामुळे ज्योत विझतेय. म्हणून मी झाकण लावून घेतलं, नॉब तसाच उघडा ठेवला, आणि आत जाऊन लायटर घेऊन आले. मिनिटभर लागलं असेल, फार तर दीड. झाकण जरा किलकिलं केलं, लायटर आत सरकवला आणि...

आवाज 'धडाम' असा नव्हता. 'भप्प' असा होता. एखादी मोठी उशी जमिनीवर आपटावी तसा. झाकण उडून मागे आदळलं, निळी-पिवळी ज्वाला माझ्या तोंडापर्यंत आली आणि गेली. पुढच्या क्षणी जळलेल्या केसांचा वास. माझ्या भुवया आणि कपाळावरची बट गेली होती. चेहरा उन्हात भाजल्यासारखा चुरचुरत होता. नशीब की डोळे वाचले.

हे इतकंच असतं तर मी ते पार्टीत किस्सा म्हणून सांगत फिरले असते. पण मी मागे वळले तेव्हा दादाची पाच वर्षांची लेक माझ्यापासून एका पावलावर उभी होती. हातात मक्याचं कणीस. 'आत्या, माझं पण भाज ना' असं सांगायला आली होती. ज्वाला माझ्या अंगावरून थांबली, म्हणून तिच्यापर्यंत पोचली नाही. तिची उंची बरोबर त्या जाळीएवढी आहे.

ती रडली. वहिनी धावत वर आली, तिला उचललं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री पिझ्झा मागवला. दुसऱ्या दिवशी वहिनीचं एकच वाक्य, 'ते पुन्हा गच्चीवर नको.' ग्रिल जिन्याखाली गेलं, वर जुनी चादर.

न दिसणारं पाणी

जानेवारीभर मी भुवया पेन्सिलने काढून मीटिंगांना जात होते आणि एकच गोष्ट डोक्यात होती. नक्की चुकलं काय? फ्रीलान्सरची एक सवय चांगली असते. माहीत नसेल तर जाऊन विचारायचं. मी दादाच्या गॅस एजन्सीतल्या एका मेकॅनिक काकांना गाठलं. पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. माझा सगळा किस्सा ऐकून त्यांनी विचारलं, 'ताई, बादलीत पाणी सोडलं तर कुठे जातं?'

'तळाशी.'

'गॅस पण तसाच. फक्त दिसत नाही.'

एका वाक्यात फिजिक्स! आपला एलपीजी हवेपेक्षा जवळजवळ दीड ते दोन पट जड असतो. गळाला तर तो वर उडून जात नाही, खाली साचतो. ग्रिलची पेटी म्हणजे बादलीच. झाकण लावून नॉब उघडा ठेवला, की ती बादली भरत जाते. आणि हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला, तरी ठिणगीला तेवढा पुरतो. मी त्या बादलीत दीड मिनिट गॅस भरला आणि मग वरून लायटर दाखवला. किचनमधल्या शेगडीला झाकण नसतं, म्हणून तिथे आपल्याला हा अनुभव येत नाही. ग्रिलमध्ये येतो.

तेव्हा पेटवण्याचा क्रम असा. आधी झाकण पूर्ण उघडा. सगळे नॉब बंद आहेत ना ते बघा. मग सिलिंडरचा रेग्युलेटर सुरू करा. मग एका बर्नरचा नॉब फिरवा आणि लगेच इग्नायटर दाबा. चेहरा जाळीवर नाही, बाजूला. पाच-दहा सेकंदांत पेटलं नाही, तर हट्ट करायचा नाही. नॉब बंद, रेग्युलेटर बंद, झाकण उघडंच, आणि पाच मिनिटं थांबायचं. त्या पाच मिनिटांत गाणं बदला, कांदा चिरा, इन्स्टावर फोटो टाका. साचलेला गॅस निघून जाऊ द्या. मग पुन्हा पहिल्यापासून. ग्रिल बंद करताना सगळे बर्नर बंद करा आणि लगेच रेग्युलेटरही. नुसत्या नॉबवर विसंबून खाली जेवायला बसायचं नाही.

गॅस दाखवता येतो

काका एका रविवारी घरी आले. वहिनीची परवानगी मी आधीच काढली होती, 'फक्त तपासायला, पेटवायला नाही' या बोलीवर. त्यांनी जिन्याखालून ग्रिल बाहेर काढायला लावलं, सिलिंडर जोडला आणि आमच्याच किचनमधून एका वाटीत साबणाचं पाणी मागितलं. वाटी बघून आई (ती तेव्हा राहायला आली होती) एकदम खूश. 'मी काय सांगत होते?' या चेहऱ्याने ती खुर्ची टाकून बसली.

काकांनी ब्रशने फेस रेग्युलेटरवर लावला, नळीच्या दोन्ही टोकांना लावला, व्हॉल्व्हला लावला. नॉब सगळे बंद, फक्त रेग्युलेटर सुरू. आम्ही सगळे वाकून बघत होतो. रेग्युलेटरच्या बाजूला काही नाही. ग्रिलच्या बाजूला, जिथे नळी त्या नोझलवर चढते, तिथे एक बुडबुडा फुगला. फुटला. दुसरा फुगला.

'गॅस दिसत नाही, पण दाखवता येतो,' काका म्हणाले.

नळी नोझलवर अर्धीच चढवली होती. कोणी? अर्थात मी. म्हणजे ३१ डिसेंबरला झाकणाचा घोळ झाला नसता, तरी खाली ही गळती चालूच होती, आणि आम्ही तिच्याभोवती नाचत होतो. वहिनी जिन्यात उभी राहून ऐकत होती. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

त्या दिवशी जे शिकले ते तुमच्यासाठी इथे मांडते. नळी आयएसआय मार्कवाली सुरक्षा होज हवी, ती नारिंगी रंगाची जाड असते ती. तिच्यावर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी ती बदलायची, चांगली दिसत असली तरी. ती पूर्ण चढवून क्लिपने आवळायची आणि ग्रिलच्या तापलेल्या पत्र्याला कुठेही टेकू द्यायची नाही. सिलिंडर नेहमी उभा. आडवा केला तर वाफेऐवजी द्रवरूप गॅस नळीत शिरतो, आणि तो बाहेर पडून वाफ झाला की अडीचशे पट फुगतो. सिलिंडर ग्रिलच्या पोटाखाली कोंबू नका, नळी पुरेल तेवढा बाजूला ठेवा.

सिलिंडरवरची तारीखही वाचा. वरच्या कड्याजवळच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि पुढे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. सी-२७ असेल तर त्या सिलिंडरची पुढची चाचणी सप्टेंबर २०२७ पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटून गेलेला सिलिंडर दारात आला, तर तो घ्यायचा नाही, बदलून मागायचा. मी एकविसाव्या शतकातली शिकली-सवरलेली मुलगी, दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचते, आणि ही कधी वाचली नव्हती.

आणखी एक. बाहेरच्या देशातून कोणी हौसेने ग्रिल आणलं असेल, तर त्याचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरवर बसत नाही. बसत नाही म्हणून बाजारातून कुठलं तरी अडॅप्टर आणून जुगाड करू नका. ग्रिलच्या प्लेटवर किती दाब हवा ते लिहिलेलं असतं. भट्टीसाठी विकला जाणारा हाय प्रेशर रेग्युलेटर घरगुती ग्रिलला लावणं म्हणजे स्कूटरला ट्रकचं इंजिन. तुमच्या एजन्सीला विचारा, ते सांगतात.

गच्ची, गॅलरी आणि लक्ष्मणरेषा

इथे फ्लॅटवाले मित्र विचारतील, आमच्या गॅलरीत चालेल का? नाही चालणार. वर दुसऱ्याची गॅलरी, बाजूला वाळत घातलेले कपडे, मागे पडदा, पळायला एकच दार, आणि खाली साचलेला गॅस जाणार तो थेट तुमच्या हॉलमध्ये. ग्रिल घरात तर मुळीच नाही, आणि पाऊस आला म्हणून शेडमध्ये किंवा बंद गॅरेजमध्येही नाही. जळणारा गॅस बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड तयार करतो, त्याला ना रंग ना वास. सोसायटीची कॉमन गच्ची असेल तर कमिटीची परवानगी घ्या, जिन्याचं दार आणि वाट मोकळी ठेवा. आग लागली तर सगळी बिल्डिंग तिकडेच धावेल. भिंत, टाकी, प्लॅस्टिकचं छप्पर, कुंड्यांतली वाळकी झाडं, सगळ्यांपासून तीन मीटर तरी लांब. आणि ग्रिल सपाट जागी, पाणी जायच्या भोकापासून दूर. जड गॅस त्या भोकातून कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

शेवटी फेब्रुवारी २०२५ मधल्या एका शनिवारी वहिनी म्हणाली, 'बरं. पण मी वर असणार.' आई तिच्याही आधी वर पोचली होती. हातात रांगोळीचा डबा. मला वाटलं, पूजाबिजा करते की काय. तिने ग्रिलभोवती मोठं रिंगण काढलं, माझ्या दोन पावलांएवढं लांब. आणि नातीला समोर उभं करून सांगितलं, 'ही लक्ष्मणरेषा. आतमध्ये फक्त आत्या.' पुतणीने गंभीरपणे मान हलवली. पुस्तिकेत पानभर लिहिलेली सूचना आईने दोन मिनिटांत गच्चीवर काढून दाखवली होती.

आम्ही आणखी तयारी केली होती. एक वाळूची बादली, एक दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक. माझे केस बांधलेले, अंगात सुती कुर्ता, ओढणी खाली खुंटीला. जॉर्जेट आणि जळतं ग्रिल यांची मैत्री होत नाही.

बाहेरून काळं, आतून कच्चं

आता खाण्याचं बोलूया, कारण शेवटी त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप! पेटल्यानंतर झाकण लावायचं (हो, आता लावायचं) आणि दहा-पंधरा मिनिटं जाळी तापू द्यायची. तापलेली जाळी ब्रशने घासून घ्या. तारेच्या ब्रशचे बारीक तुकडे जाळीला चिकटतात आणि तिथून पोटात जातात, म्हणून नंतर ओल्या फडक्याने चिमट्यात धरून पुसा. किंवा आईची युक्ती करा. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवायचा आणि तो जाळीवर फिरवायचा. डोशाच्या तव्यावर फिरवतो तसाच.

मग ग्रिलचे दोन भाग करा. एका बाजूचा बर्नर मोठा, दुसऱ्या बाजूचा बंद किंवा अगदी मंद. मोठ्या बाजूला रंग आणायचा, मंद बाजूला झाकणाखाली आतपर्यंत शिजवायचं. आपण नवशिके काय करतो, सगळं मोठ्या आचेवर टाकतो आणि टिक्का बाहेरून कोळसा, आतून गुलाबी. चिकन नुसतं बघून कळत नाही. प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, तुकड्याच्या सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला न टेकवता. चिकन ७४ अंश सेल्सिअस, खिम्याचे कबाब ७१, मासा ६३. आकडा आला की उतरवा. यापुढे 'झालं असेल गं' हे वाक्य बंद.

मॅरिनेट केलेलं चिकन फ्रीजमध्येच राहू द्या, पेटल्यावरच वर आणा. पार्टीतलं कुठलंही मांस, पनीर, दह्याची चटणी दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर नको. उन्हाळ्यात पारा ३२ च्या वर असेल तर एकच तास. कच्च्याचं ताट वेगळं, शिजलेल्याचं वेगळं, चिमटेही वेगळे. ज्या भांड्यात चिकन मुरलं, त्यातला उरलेला मसाला शिजलेल्या तुकड्यांवर फासायचा नाही. फासायचाच असेल तर आधी खळखळून उकळा. शाकाहारी मित्र असतील तर त्यांचं आधी भाजा, जाळी स्वच्छ असताना. मैत्री टिकते.

मसाल्यात गूळ, मध किंवा केचप असेल तर ते शेवटच्या पाच मिनिटांत लावा, साखर पटकन करपते. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा. चरबी खाली टपकली की ज्वाला उसळते, तेव्हा तुकडे मंद बाजूला सरकवा. पाणी मारू नका, जळतं तेल पाण्याने विझत नाही, उडतं. आतच आग भडकली तर बर्नर आणि रेग्युलेटर बंद करून झाकण लावा, हवा तुटली की आग बसते. टपकलेली चरबी गोळा होते तो खालचा ट्रे दर वेळी रिकामा करा, पुढच्या वेळची आग तिथेच वाट बघत असते.

आणि फक्त टिक्क्यावर अडकू नका. खानदेशात हिवाळ्यात शेतात भरताच्या पार्ट्या होतात, हिरवी वांगी काड्यांवर भाजून. अलिबागकडे पोपटी लागते, सोलापूरकडे हुरडा. उघड्यावर भाजून खाणं आपल्याला कोणी अमेरिकेने शिकवलेलं नाही. त्या शनिवारी माझा सुपरहिट आयटम चिकन नव्हताच. दोन मोठी वांगी, काट्याने टोचून, तेल लावून, झाकणाखाली चाळीस मिनिटं. आईने तिथेच हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून भरीत केलं. (वांगं टोचायला विसरू नका, नाही तर तेही भप्प होतं.)

वास आला तर

एलपीजीला स्वतःचा वास नसतो. आपल्या नाकाला कळावं म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात. तेव्हा तो घाण वास म्हणजे शत्रू नाही, अलार्म आहे. आला की रेग्युलेटर बंद, सिलिंडरवर ती दोऱ्याला बांधलेली टोपी (ती फेकू नका!), सगळे लांब. तिथला एकही स्विच चालू करायचा नाही आणि बंदही करायचा नाही. गच्चीवरचा दिवा, माळा, स्पीकर, सगळं जसं आहे तसं. लांब गेल्यावर फोन लावा. गॅस गळतीसाठी हेल्पलाइन आहे १९०६, आणि आग लागली तर ११२ किंवा १०१. सिलिंडरच पेटला असेल तर हिरोगिरी नको. सगळ्यांना घेऊन खाली.

भाजलं तर नळाखाली वीस मिनिटं, वाहत्या साध्या पाण्यात. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. घड्याळ लावून वीस मिनिटं, आणि फोड आला, चेहरा-हात भाजले किंवा मूल असेल तर सरळ डॉक्टर. मी त्या रात्री तोंडावर बर्फ फिरवत बसले होते. चूक.

वीकेंडचा फंडा

कापून फ्रिजवर लावा. उघडी जागा, तीन मीटर मोकळं. साबणाचं पाणी, दर वेळी. झाकण उघडं, मग रेग्युलेटर, मग नॉब, मग ठिणगी. नाही पेटलं तर पाच मिनिटं. पेटलेलं ग्रिल सोडून कुठे जायचं नाही, फोन आला तरी. ज्याच्या हातात चिमटा, त्याच्या हातात ग्लास नाही. संपल्यावर दोन्ही बंद.

इतकं सगळं वाचून ग्रिल घ्यायचा विचार रद्द केलात, तर तो माझा दोष. भिऊ नका. आपल्या आया रोज तीन वेळा आग पेटवत आल्या आणि आपल्याला गरम पोळ्या वाढत आल्या. त्या घाबरट नव्हत्या, त्यांना गॅस माहीत होता. आपल्याला तो माहीत नाही, एवढाच फरक. आणि तो एका साबणाच्या वाटीत भरून निघतो.

त्या शनिवारी मी ग्रिलपाशी उभी राहिले तेव्हा हात थरथरत होता. मागे दादा, आई, वहिनी, कोणी काही बोलत नव्हतं. मी रेग्युलेटरकडे वाकले, आणि रांगोळीच्या रेषेबाहेरून एक बारीक आवाज आला.

'आत्या, झाकण उघडलंस?'

नव्हतं उघडलं.

मी सरळ झाले, झाकण पूर्ण मागे केलं, पाच वर्षांच्या इन्स्पेक्टरकडे बघितलं. तिने मान हलवली. मग मी रेग्युलेटर सुरू केला.

ता.क. : कणीस तिचंच पहिलं भाजलं. वहिनीने लिंबू-मीठ लावून दिलं, आणि दुसरं मला.